सीताराम यांची चौकट

मंगळवारी दुपारी साडेचार वाजता कल्याणी ओव्हाळ कॉलेजातून घरी आली तेव्हा जेवणाचे टेबल रिकामे होते. कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांत ही साधी गोष्ट नव्हती. गेले सात महिने त्या टेबलावर बासष्ट निवृत्त माणसे पसरलेली होती. म्हणजे त्यांच्या मुलाखती. पुण्यातली ज्येष्ठ माणसे निवृत्तीनंतरचा वेळ कसा घालवतात, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. एकेका मुलाखतीची वीस-पंचवीस पाने आणि पानोपानी तीन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या. फ्रेंच विचारवंतासाठी पिवळ्या, जर्मन विचारवंतासाठी गुलाबी, आणि या दोघांशीही न पटणाऱ्या एका अमेरिकन बाईंसाठी हिरव्या. तिघांपैकी कोणाची चौकट वापरायची हे ठरत नव्हते आणि तोवर ओव्हाळ कुटुंब मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

"बाबा!"

सीताराम ओव्हाळ आतून आले. खिशाला दोन पेने, हातात कात्री. जिल्ह्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली होती, पण दुपारची झोप झाली की ते अजूनही इस्त्रीचा शर्ट घालत.

"झालं बघ तुझं काम," ते म्हणाले. "निंदणीकरण करून टाकलं."

"काय करून टाकलं?"

त्यांनी भिंतीकडे बोट केले. भिंतीला लागून सहा गठ्ठे उभे होते. खाली-वर पुठ्ठा, पांढरी नाडी, आणि प्रत्येकावर त्यांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी. प्रलंबित. प्रतीक्षाधीन. नियतकालिक. स्थायी आदेश. अभिलेख कक्षाकडे. नष्ट करावयाचे.

"कचेरीत सहाच गठ्ठे असतात," सीताराम समजावू लागले. "कुठलाही कागद आण, सहांपैकी एकात बसतोच. ज्यावर आपल्यालाच काम करायचंय तो प्रलंबित. दुसरीकडून उत्तर यायचंय तो प्रतीक्षाधीन. ठरल्या तारखेला पुन्हा पुन्हा येतो तो नियतकालिक. कायमचा हुकूम असेल तर स्थायी आदेश. काम संपलं पण जपायचं असेल तर अभिलेख कक्ष. आणि जपायचंही नसेल तर नष्ट. तुझी माणसंही बसली. नऊ दिवस लागले."

"तुम्ही सगळ्या मुलाखती वाचल्या?"

"न वाचता कशा लावणार?"

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

"एकही टाकली नाही." त्यांनी दोनशे पानी वही उघडून दाखवली. चारशे अकरा चिठ्ठ्या रंगवार, ओळीने चिकटवलेल्या होत्या. कोणती कोणत्या पानावरची, ते मात्र आता त्या तिघा विचारवंतांनाही सांगता आले नसते.

कल्याणी खुर्चीत बसली. ती वर्गात सत्तर मुलांना शांत करणारी बाई होती, त्यामुळे घरात तिचा आवाज चढला नाही. फक्त थंड झाला. "बाबा, संशोधन म्हणजे कचेरी नव्हे. त्याला सिद्धांत लागतो. ही फायली लावायची पद्धत आहे."

"मग तुझे ते तिघं काय करतात?"

"ते समाजाकडे बघायची दृष्टी देतात."

"मीपण बघूनच लावलंय, बाई."

"अहो, तिचं तिला करू द्या म्हटलं होतं मी," कल्याणीची आई नंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझे मसाल्याचे डबेसुद्धा असेच लावून ठेवलेत. हिंग स्थायी आदेशात आहे."

"तुझ्या मॅडम दीड वर्ष चौकट मागतायत ना?" सीताराम कल्याणीला म्हणाले. "म्हणून केलं."

ते खरे होते. तिच्या मार्गदर्शक डॉ. नीरजा खांबेटे दर भेटीत प्रबंधाची पाने पत्त्यांसारखी पिसून म्हणत, "चौकट कुठंय, कल्याणी? नुसती माणसं आहेत ही."

चहा उकळेपर्यंत तिने दुसरा गठ्ठा सोडला, चुका दाखवायला. आत अकरा जण निघाले. खराडीला मुलाच्या फ्लॅटवर राहणारे हवाई दलातले साहेब. शनिवार पेठेतल्या ग्रंथपाल बाई. चाळीस वर्षे रस्ते झाडलेल्या सरुबाई. फ्रेंच विचारवंताने या माणसांना तीन वेगळ्या वर्गांत टाकले असते, जर्मनाने सरुबाईंना बहुधा वगळलेच असते. बाबांनी त्यांना एकत्र बांधले होते. तिने एक मुलाखत चाळली, मग दुसरी, मग पाचवी. साहेब मुलाच्या निर्णयाची वाट बघत होते, बाई भावाच्या पत्राची, सरुबाई सुनेच्या फोनची. दुसरीकडून उत्तर आल्याशिवाय या माणसांचा दिवस पुढे सरकत नव्हता. सात महिने ती जे शोधत होती ते नाडीने बांधून समोर ठेवलेले होते.

"काय, बरोबर आहे ना?" सीतारामांनी कप पुढे करत विचारले.

कल्याणीने गठ्ठा पुन्हा बांधला. "रविवारी सगळं सोडवून परत लावते," ती म्हणाली.

"सोडव. नाड्या तेवढ्या कापू नको."

बुधवारी सकाळी सहा वाजता सीताराम ओव्हाळ दूध आणायला खाली गेले आणि येताना सोसायटीच्या बाकावर बसले. वॉचमनने दोनदा हाक मारली. दुधाच्या पिशव्या त्यांच्या मांडीवर होत्या, नीट, एकावर एक.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दीड महिन्याने विद्यापीठाचे पत्र आले : संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सादर करावी. कल्याणीची प्रगती अशी होती की तिला सहांपैकी एकही नाडी सोडवता आली नव्हती. गठ्ठे होते तसे तिने दोन कापडी पिशव्यांत भरले आणि रिक्षा केली.

समितीत तिघे होते. नीरजा मॅडम, ज्येष्ठ प्राध्यापक डॉ. अनंत गानू, आणि आमोद नावाचा एक तरुण प्राध्यापक, जो नुकताच कुठल्यातरी परदेशी शिष्यवृत्तीवरून परतला होता आणि अजून पूर्ण उतरला नव्हता.

"चौकट?" नीरजा मॅडमनी सवयीने विचारले.

कल्याणीने उत्तर देण्याऐवजी गठ्ठे टेबलावर मांडले. गानू सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. "प्रलंबित… प्रतीक्षाधीन… म्हणजे वृद्धत्वाकडे वयाच्या अंगानं न बघता शिल्लक राहिलेल्या कामाच्या अंगानं बघायचं? अहो, हे फारच वेगळं आहे. कुणाचं?"

"सीताराम…" कल्याणी म्हणाली. पुढे 'ओव्हाळ, माझे बाबा' असे म्हणायचे होते. त्याऐवजी तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तेवढा वेळ पुरला.

"हां, सीताराम," गानू सर मान डोलावत म्हणाले. 'हे मी वाचलेले नाही' हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते आणि निवृत्तीला वर्ष राहिले असताना सुरुवात करण्यात अर्थ नव्हता. "सीताराम चांगलाच आहे. आपल्याकडे दुर्लक्ष झालं त्याच्याकडे."

"सो अंडररेटेड," आमोद लगेच म्हणाला. "मॅम, हे सुरुवातीचे सीताराम की नंतरचे?"

कल्याणीने बाटलीचे झाकण लावले. "शेवटचे," ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर नीरजा मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठले. "आधी नाही का सांगायचंस, सीताराम वापरतीयेस म्हणून? मी वाचलाय अर्थात. बरीच वर्षं झाली. संदर्भ तेवढा दे, पुन्हा नजर घालते."

"मॅडम, ते पुस्तक नाहीये. ते मला स्वतः बोलले होते."

"तू भेटलीयेस त्यांना?" नीरजा मॅडमच्या डोळ्यांत प्रथमच आपल्या विद्यार्थिनीविषयी आदर दिसला. "मग 'वैयक्तिक संवाद' असा संदर्भ दे. चालतो तसा. आत्ता असतात कुठं ते?"

"गेले, मॅडम. दोन महिन्यांपूर्वी."

"अरेरे. पेपरात काहीच आलं नाही. आपल्याकडे हे असंच." आणि मीटिंगला उशीर होत असल्यामुळे नीरजा मॅडम हळहळत निघून गेल्या.

खरे सांगायचे तर कल्याणीला त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात, सगळे उलगडून सांगता आले असते. तिने फोनही हातात घेतला होता. पण चाळीस वर्षांच्या नोकरीत बाबांना कोणी 'सीतारामांचं म्हणणं असं आहे' असे म्हटलेले तिला आठवत नव्हते. "ओव्हाळ, ती फाइल आणा" असेच म्हणत. आता विद्यापीठात तीन माणसे त्यांचे म्हणणे काय असावे याचा विचार करत होती. चार दिवस असू दे, असे तिला वाटले. आणखी एक गोष्ट होती, जी ती स्वतःशीही नीट बोलत नव्हती. चौकट बाबांची आहे हे सांगायचे, तर आपण त्या संध्याकाळी काय सांगितले नाही तेही सांगावे लागले असते.

चार दिवसांचे चार महिने झाले. आमोदने एका परिसंवादात सीतारामांचा ओझरता उल्लेख केला. तो ऐकून सोलापूरच्या एका प्राध्यापकाने आपल्या निबंधात तळटीप दिली. तळटीप बघून गानू सर अस्वस्थ झाले, कारण सीताराम आधी त्यांनी ओळखला होता. मग त्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये एक दिवसाचे चर्चासत्र घेतले. विषय, 'सीताराम आणि सीतारामांच्या पलीकडे'. पलीकडचे म्हणून त्यांनी स्वतः एक सातवा गठ्ठा सुचवला, 'संदिग्ध'.

"सातवा गठ्ठा सीतारामला सुचला नाही, ही त्याची मर्यादा," ते माइकवरून म्हणाले. "मी त्याला एकदा नाशिकच्या परिषदेत तोंडावर हे सांगितलंही होतं. माणूस हुशार, पण तुसडा. चहाला बोलावलं तर आला नाही."

तिसऱ्या रांगेत कल्याणीने पेन इतके दाबले की निब वाकले. बाबा तुसडे नव्हते. नाशिकला ते फक्त एकदा गेले होते, मावशीच्या लग्नाला, आणि चहाला नाही म्हटल्याची घटना त्यांच्या आयुष्यात नोंदलेली नव्हती. आणि सातवा गठ्ठा! ज्यांना निर्णय घेता येत नाही त्यांना सातवा गठ्ठा लागतो, असे बाबांनी दोन शब्दांत निकालात काढले असते.

प्रबंध पुरा होत आला तेव्हा नीरजा मॅडमनी नवीनच काढले. "सगळं छान आहे, पण तू फार भक्तिभावानं लिहितेस. सीतारामांच्या मर्यादांवर एक प्रकरण हवं. त्यांच्यावर कुणी टीका केलीय?"

"केलीय," कल्याणी म्हणाली. "सातत्यानं. जवळजवळ पंचेचाळीस वर्षं."

"मग दे की ती!"

त्या रविवारी सकाळी नंदाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. कल्याणी वही घेऊन समोर बसली. "आई, बाबांच्या मर्यादा काय होत्या?"

नंदाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "वेळ आहे का तुला?"

"आहे."

"मग लिहून घे. एक म्हणजे, ज्याची जागा ठरलीय ते त्यांना दिसायचं, नाही ठरली ते दिसायचंच नाही. मी नवीन पातेलं आणलं, तीन महिने त्यांना ते घरात असल्याचं माहीत नव्हतं."

कल्याणीने लिहिले : पूर्वनिश्चित प्रवर्गांबाहेरील घटितांबाबत ही चौकट अंध राहते.

"दुसरं, एकदा कुठं ठेवलं की हलवायचं नाही. माझ्या धाकट्या दिराला एकोणीसशे नव्वद साली 'बेजबाबदार' म्हणाले. तो पुढं शाळेचा मुख्याध्यापक झाला. तरी बेजबाबदारच."

कालानुरूप पुनर्वर्गीकरणाची तरतूद अपुरी आहे, कल्याणीने लिहिले.

"आणि बोलायचे नाहीत." नंदाबाईंचा आवाज जरा खाली आला. "पोरीचं कौतुक करायचं तर चिठ्ठ्या चिकटवून वही करतील. तोंडानं सांगणार नाहीत. तूपण त्यांच्यावरच गेलीयेस. दोघं एकमेकांना कागद दाखवत बसायचात."

कल्याणीचे पेन थांबले. "हे लिहू?"

"तुझं पुस्तक. मी काय सांगू?" नंदाबाईंनी जुडी उचलली. "पण एवढं केलं त्यांनी, नऊ दिवस दुपारी झोपले नाहीत. त्या मंगळवारी रात्री मला म्हणाले, 'तिला पटलेलं नाही बहुतेक.' मी म्हटलं, झोपा आता, उद्या विचारा."

मर्यादांचे प्रकरण बारा पानांचे झाले. नीरजा मॅडमना ते सगळ्या प्रबंधात सर्वांत प्रगल्भ वाटले.

तोंडी परीक्षा ऑक्टोबरात लागली. ती खुली असते. कोणीही येऊन बसू शकते, आणि सीतारामांच्या लौकिकामुळे त्या दिवशी हॉल भरला. पहिल्या रांगेत गानू सर आणि आमोद. कडेला छोट्या टेबलापाशी पीएच.डी. विभागातले भालेराव, इतिवृत्त लिहायला. नंदाबाई मागे, शेवटून दुसऱ्या खुर्चीत, पांढऱ्या साडीत. परीक्षक नागपूरहून आल्या होत्या. लहान चणीच्या, शांत बाई. कल्याणीचे सादरीकरण त्यांनी अडवले नाही. संपल्यावर त्यांनी प्रबंध समोर ओढला.

"एक कबूल करते," त्या म्हणाल्या. "मी सीताराम वाचलेला नाही."

असे काही त्या वास्तूत याआधी बोलले गेले नसावे.

"मी शोधलं. ग्रंथालयात नाही, सूचीत नाही. जो तो एकमेकांचा हवाला देतो आणि शेवटी सगळे तुमच्या 'वैयक्तिक संवादा'पाशी येऊन थांबतात. कोण आहेत हे?"

कल्याणीने नीरजा मॅडमकडे पाहिले. नीरजा मॅडमनी गानू सरांकडे पाहिले. गानू सर छताकडे बघत होते. एका वाक्याने चार वर्षांचे काम जाऊ शकते हे तिला दिसत होते. आणि न बोलण्याने काय जाते तेही.

तेवढ्यात कडेने आवाज आला. "मॅडम, माफ करा, पण ही सहा गठ्ठे पद्धत आहे." भालेराव अर्धवट उभे राहिले होते. "सगळ्या सरकारी हापिसात असते. आमच्या सेक्शनला पण आहे. कपाट उघडून दाखवू का?"

"भालेराव, तुम्ही इतिवृत्त लिहा," गानू सर घाईने म्हणाले.

"तेच लिहितोय सर, पण काय लिहायचं ते कळायला नको?"

"बरोबर आहे त्यांचं," कल्याणी म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा लागला. "पद्धत कचेरीतली आहे. ती माणसांना लावायची हे सुचलं सीताराम ओव्हाळ यांना. ते माझे वडील. अव्वल कारकून होते. त्यांनी बासष्टच्या बासष्ट मुलाखती वाचल्या. माझ्याशिवाय त्या पूर्ण वाचणारे ते एकटेच." नीरजा मॅडमनी या वाक्याला पदर सारखा केला. "त्यांचं एकही पुस्तक नाही. मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"नाशिकला मात्र…" आमोद हळूच गानू सरांकडे वळला.

"तो दुसरा सीताराम," गानू सर म्हणाले.

परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी काही पाने मागे उलटली. "प्रबंधात हे पान एकवर यायला हवं होतं. ते दुरुस्त करून द्या, बाकी काम चोख आहे. पण मला एक सांगा. तुमच्याकडे आधी तीन सिद्धांत होते. ही चौकट योग्य आहे असं तुम्हाला कुठल्या टप्प्यावर पटलं?"

हा प्रश्न दरवेळी विचारला जातो आणि त्याचे उत्तर कल्याणीने पाठ केले होते. विदासंकलनानंतर, तुलनात्मक विश्लेषणाच्या अखेरीस. तिने तोंड उघडले आणि ते उत्तर आलेच नाही.

"पाच मिनिटांत," ती म्हणाली. "गठ्ठे दाखवले त्याच संध्याकाळी. त्यांनी विचारलंही होतं."

"मग काय म्हणालात तुम्ही?"

"म्हटलं, रविवारी सगळं सोडवून परत लावते." "आमच्याकडे एकमेकांना बरोबर म्हणायची पद्धत नव्हती. म्हटलं, सांगू सावकाश." त्यानंतर ती आणखी काहीतरी बोलली, पण खाली मान घालून, टेबलाशी. पहिल्या रांगेपर्यंतही ते पोचले नाही.

परीक्षक बाईंनी पेनचे टोपण लावले. पाठीमागे नंदाबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"मॅडम," भालेराव म्हणाले. त्यांच्या कागदावर अर्धी ओळ रिकामी होती आणि कारकुनाला ती तशी सोडता येत नाही. "शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. इतिवृत्तात घ्यायला लागतं. जरा मोठ्यानं सांगता का? पूर्ण नावानिशी."

कल्याणीने मान वर केली.

"लिहा," ती म्हणाली. "सीताराम धोंडिबा ओव्हाळ यांचं बरोबर होतं."